एकच कपॅसिटर, पाच फ्रिक्वेन्सी, दोन एलसीआर मीटर: अचूकता कशी ताडून पाहावी

‘१०४’ छापलेला, म्हणजे १०० नॅनोफॅरडचा, एक डिस्क कपॅसिटर एका हँडहेल्ड एलसीआर मीटरवर (कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर मोजणारा मीटर) ९८.७ नॅनोफॅरड दाखवतो, दुसऱ्यावर ९६.१. खरा कोणता, असा प्रश्न लगेच पडतो. पण पहिला मीटर १ किलोहर्ट्झवर असेल आणि दुसरा १० किलोहर्ट्झवर, तर दोन्ही खरे असू शकतात. त्या कपॅसिटरची किंमतच त्या दोन फ्रिक्वेन्सींना वेगळी असते. मीटरांची तुलना करताना मीटरची चूक, क्लिप-प्रोबची चूक आणि कपॅसिटरचा स्वभाव या तीन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. खाली दिलेली पद्धत त्याचसाठी आहे. डीईआर ईईचा डीई-५००० किंवा कीसाइटचा यू१७३३सी यांसारखे १०० हर्ट्झ, १२० हर्ट्झ, १ किलोहर्ट्झ, १० किलोहर्ट्झ आणि १०० किलोहर्ट्झ अशा पाच फ्रिक्वेन्सी देणारे मीटर डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे.

एक सूचना आधीच. मल्टिमीटरवरची कपॅसिटन्स रेंज किंवा स्वस्तातले ट्रान्झिस्टर टेस्टर या तुलनेत धरू नका. ते साइन वेव्ह लावत नाहीत, कपॅसिटर चार्ज व्हायला लागणारा वेळ मोजतात. त्यांच्या आकड्याला ठरावीक फ्रिक्वेन्सी नसते, आणि कपॅसिटर लीक होत असेल तर तो आकडा फुगतो.

आधी कागदावर: मीटरला नेमके किती ओहम दिसतात

एलसीआर मीटर फॅरड मोजत नाही. तो व्होल्टेज, करंट आणि त्यांच्यातला फेज मोजून इंपिडन्स, म्हणजे एसी करंटला होणारा एकूण विरोध, काढतो आणि मग त्याचे फॅरड करतो. म्हणून अचूकता ठरते ती त्या फ्रिक्वेन्सीला कपॅसिटर किती ओहमचा दिसतो यावर. सूत्र सोपे आहे: १ भागिले (६.२८३ × फ्रिक्वेन्सी × कपॅसिटन्स). त्यातली एकच ओळ पाठ ठेवा, बाकी दहापटीने सरकवत जा: १ मायक्रोफॅरड, १ किलोहर्ट्झ, १५९ ओहम.

त्यावरून १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर १०० हर्ट्झला १५.९ मेगाओहम होतो आणि १०० किलोहर्ट्झला १५.९ किलोओहम. १०० नॅनोफॅरड १ किलोहर्ट्झला १.५९ किलोओहम आणि १०० किलोहर्ट्झला १५.९ ओहम. १००० मायक्रोफॅरड १०० हर्ट्झला १.५९ ओहम, आणि १०० किलोहर्ट्झला १.५९ मिलिओहम. हा शेवटचा आकडा म्हणजे क्रोकोडाइल क्लिपच्या स्पर्शाच्या रोधापेक्षाही कमी.

हँडहेल्ड मीटर साधारण १०० ओहम ते १०० किलोओहम या पट्ट्यात सर्वांत चांगले चालतात. त्याच्या वर गेलात की भटकी कपॅसिटन्स, ओलावा आणि हम (घरच्या विजेचा आत शिरणारा गोंगाट) त्रास देतात. खाली गेलात की लीडचा रोध आणि इंडक्टन्स. या हिशेबाने १ नॅनोफॅरडच्या आतल्या कपॅसिटरला १०० किलोहर्ट्झ किंवा १० किलोहर्ट्झ, १ ते १०० नॅनोफॅरडला १० किंवा १ किलोहर्ट्झ, १०० नॅनोफॅरड ते १० मायक्रोफॅरडला १ किलोहर्ट्झ, आणि त्यावर १०० किंवा १२० हर्ट्झ. १०० पिकोफॅरड १०० हर्ट्झवर मोजून मीटरला नावे ठेवणे अन्यायाचे आहे. मॅन्युअलमधल्या अचूकतेच्या तक्त्यात अशा जोडीपुढे बहुधा मोठी टक्केवारी छापलेली असते किंवा रकाना रिकामाच असतो.

संदर्भ कपॅसिटर कोणते घ्यावेत

पाच फ्रिक्वेन्सींवर तुलना करायची, तर स्वतःची किंमत फ्रिक्वेन्सीबरोबर न बदलणारा कपॅसिटर हवा. असे मोजके प्रकार आहेत: सी०जी सिरॅमिक, ज्याला दुकानात एनपीओ म्हणतात, सिल्व्हर मायका, पॉलिस्टायरिन आणि पॉलिप्रॉपिलिन. १०० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झ या टप्प्यात त्यांच्या किमतीतला फरक इतका नगण्य असतो की हँडहेल्ड मीटरला तो दिसत नाही. मायलर म्हणजे पॉलिएस्टर चालणार नाही. एक्स७आर, एक्स५आर, वाय५व्ही ही सिरॅमिकच्या इतर प्रकारांची नावे तर या यादीच्या जवळही आणू नका.

हा संच पुरतो:

- १०० पिकोफॅरड, सिल्व्हर मायका किंवा सी०जी, १ टक्का
- १ नॅनोफॅरड, सी०जी, १ टक्का
- १० नॅनोफॅरड, सी०जी किंवा पॉलिस्टायरिन, १ टक्का
- १२ नॅनोफॅरडचे दोन, सी०जी (यांचे काम पुढे आहे)
- १०० नॅनोफॅरड, पॉलिप्रॉपिलिन, जमल्यास १ टक्का
- १ मायक्रोफॅरड, पॉलिप्रॉपिलिन, ५ टक्केही चालेल
- १० मायक्रोफॅरड, पॉलिप्रॉपिलिन. स्पीकरच्या क्रॉसओव्हरसाठी मिळतो तो

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मागताना ‘१०३ एनपीओ’ असे स्पष्ट सांगा (१०३ म्हणजे १० नॅनोफॅरड). नुसते ‘१०३’ म्हटले तर बहुधा एक्स७आर किंवा त्याहून हलका डिस्क हातात पडतो. घरी आणल्यावर खात्री करायला १ किलोहर्ट्झवर डी (डिसिपेशन फॅक्टर, म्हणजे कपॅसिटर किती ऊर्जा वाया घालवतो त्याचे माप) बघा. सी०जी असेल तर डी जवळपास शून्य, म्हणजे ०.००१ किंवा त्याखाली. ०.०१ किंवा ०.०२ दिसला तर तो एनपीओ नाही, दुकानदार काहीही म्हणो. पॉलिस्टायरिनला सोल्डर करताना पायावर चिमटा लावून उष्णता अडवा, ते लवकर वितळते.

आता या १ टक्क्यांबद्दल. ०.३ टक्के अचूकता सांगणारा मीटर १ टक्क्याच्या कपॅसिटरने तपासता येत नाही. एकाच रीळमधले दहा नग घेऊन त्यांची सरासरी काढली तरी फार फायदा नाही, कारण एका लॉटमधले सगळे नग एकाच बाजूला झुकलेले असू शकतात. खरी किंमत हवी असेल तर हा संच एकदा बेंचटॉप मीटरवर मोजून आणावा. ०.०५ टक्के मूलभूत अचूकतेचा कीसाइट ई४९८०ए किंवा त्या दर्जाचा दुसरा मीटर, आणि त्याचे कॅलिब्रेशन चालू मुदतीतले. इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत असा मीटर असतो, पण स्टिकरवरची तारीख बघून घ्या. कागदोपत्री पुरावा लागणार असेल तर एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली प्रयोगशाळा गाठा. संदर्भाची अनिश्चितता मीटरच्या सांगितलेल्या चुकीच्या एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी असावी, असा संकेत आहे.

बेंचटॉप मीटर मिळाला नाही तरीही दोन तपासण्या करता येतात, आणि त्यांना संदर्भाची गरज नसते. पहिली म्हणजे फ्रिक्वेन्सीची सपाटी: सी०जी कपॅसिटर पाचही फ्रिक्वेन्सींना तोच आकडा देतो का. दुसरी म्हणजे बेरीज. १२ नॅनोफॅरडचे दोन नग वेगवेगळे मोजा, मग दोन्ही समांतर जोडून मोजा. २०,००० काउंटच्या, म्हणजे जवळपास २०,०००पर्यंतचे आकडे दाखवणाऱ्या, मीटरवर एकेकटा नग २० नॅनोफॅरडच्या रेंजमध्ये बसतो आणि जोडी २०० नॅनोफॅरडच्या रेंजमध्ये जाते. समजा ११.९४ आणि १२.०३ आले, तर जोडी २३.९७ यायला हवी. २४.१५ आली तर दोन रेंजांचे आपसात जुळत नाही. हा दोष एकट्या कपॅसिटरने कधीच दिसत नाही.

झिरो: निम्मे वाद इथेच मिटतात

ओपन आणि शॉर्ट करेक्शन हे कंटाळवाणे काम वाटते म्हणून टाळले जाते. ओपनमुळे क्लिपांमधली भटकी कपॅसिटन्स वजा होते, शॉर्टमुळे लीडचा रोध आणि इंडक्टन्स. दोन मीटरांपैकी एकावर हे केले आणि दुसऱ्यावर नाही, तर ती तुलना मीटरांची राहत नाही.

मीटर सुरू करून १०-१५ मिनिटे थांबा. अॅडॉप्टर काढा, बॅटरीवर चालवा, आणि बॅटरी नवी असू द्या. मग ज्या फिक्स्चरवर (क्लिप, खाच किंवा चिमटा) मोजणार तेच लावून आधी ओपन करा. ओपन करताना क्लिपांमधले अंतर कपॅसिटर लावल्यावर जितके असेल तितकेच ठेवा. क्लिपा टेबलावर दोन बाजूंना फेकून ओपन केले आणि मोजताना जवळ आणल्या, तर अर्धा ते एक पिकोफॅरड सहज बदलतो. १०० पिकोफॅरडवर एक पिकोफॅरड म्हणजे सरळ १ टक्का. एसएमडी चिमट्याचेही तसेच: ०८०५ आकाराचा नग मोजायचा असेल तर टोकांमध्ये २ मिलिमीटर फट ठेवून ओपन करा, ०६०३ असेल तर १.६.

शॉर्टसाठी जाड, चकचकीत तांब्याची तार घ्या, शक्य तितकी आखूड. मीटरबरोबर शॉर्टची पट्टी आली असेल तर तीच उत्तम. तारेलाही इंडक्टन्स असतो, ढोबळ मानाने दर मिलिमीटरला १ नॅनोहेन्री. १० मिलिमीटरची तार शॉर्ट म्हणून वापरली की तिचे १० नॅनोहेन्री, म्हणजे १०० किलोहर्ट्झला ६.३ मिलिओहम, मीटर शून्य मानून बसतो. १ मायक्रोफॅरड मोजताना, जिथे सगळे मिळून १.५९ ओहम आहेत, तिथे ही ०.४ टक्क्याची चूक झाली.

काही मीटर एकाच वेळी सगळ्या फ्रिक्वेन्सींचे करेक्शन करतात, काही फक्त निवडलेल्या फ्रिक्वेन्सीचे. काही ते बंद केल्यावर विसरतात. मॅन्युअल बघायचा कंटाळा असेल तर प्रत्येक वेळी सुरू केल्यावर, प्रत्येक फ्रिक्वेन्सीला करेक्शन करा. वेळ जाईल, शंका राहणार नाही. झाल्यावर तपासा: ओपनमध्ये १०० किलोहर्ट्झला ०.१ पिकोफॅरडच्या आत, शॉर्टमध्ये रोध काही मिलिओहमच्या आत.

क्लिपच्या वायरी टाळता आल्या तर टाळाच. मीटरच्या तोंडाशी असलेल्या खाचांत कपॅसिटरचे पाय थेट खोचले की सर्वांत कमी भानगड. चार वायरींचे केल्व्हिन क्लिप असतील तर चालेल, पण क्लिपच्या दोन्ही जबड्यांना वेगळी वायर जाते का ते बघा. एकच वायर दोन्ही जबड्यांना जोडलेली ‘केल्व्हिन’ क्लिपही बाजारात मिळते.

मोजणी

१. मोजायचे सगळे कपॅसिटर आणि दोन्ही मीटर एकाच खोलीत, पंख्याच्या थेट झोताबाहेर, तासभर ठेवा. तापमान लिहून घ्या. पॉलिप्रॉपिलिन दर अंशाला सुमारे २०० पीपीएमने (दहा लाखांत २०० भाग) घटते. २५ अंशांना मोजलेला १०० नॅनोफॅरड ४० अंशांना ०.३ टक्के कमी भरतो. तेवढी तर चांगल्या हँडहेल्ड मीटरची सगळी अचूकता असते. सी०जीला हा त्रास नाही, दर अंशाला ३० पीपीएमच्या आत.

२. ऑटो मोड बंद करा आणि सीरिज की पॅरलल (कपॅसिटरचा आतला रोध मीटरने सीरिजमध्ये धरायचा की समांतर) हे हाताने निवडा. दोन्ही मीटरांवर तेच. इंपिडन्स १० किलोओहमच्या वर असेल तर पॅरलल, १०० ओहमच्या खाली असेल तर सीरिज. मधल्या पट्ट्यात चांगल्या कपॅसिटरला काहीही चालते. ऑटोवर ठेवले तर एक मीटर सीरिज निवडतो, दुसरा पॅरलल, आणि डी जास्त असलेल्या कपॅसिटरवर आकडे फाटतात. सीरिजचा आकडा पॅरललपेक्षा (१ + डीचा वर्ग) पटीने मोठा असतो: डी ०.१ असेल तर १ टक्का, ०.३ असेल तर ९ टक्के.

३. कपॅसिटर डिस्चार्ज करा. फिल्म आणि सिरॅमिकला दोन्ही पाय क्षणभर जोडले तरी पुरे. सर्किटमधून काढलेल्या ४५० व्होल्ट १०० मायक्रोफॅरडमध्ये १० ज्यूल असतात, त्याला १ किलोओहम १० वॅटच्या वायरवाउंड रेझिस्टरमधून दोन-तीन सेकंद रिकामा करा. मग मल्टिमीटरने व्होल्टेज बघा, मिनिटभराने परत बघा. डायइलेक्ट्रिकमध्ये (कपॅसिटरच्या आतला इन्सुलेटर) मुरलेला चार्ज वर येतो आणि एलसीआर मीटरचे इनपुट त्याच्यासाठी बनवलेले नसते.

४. कपॅसिटर चिमट्याने लावा. बोटांची ऊब सिरॅमिकवर लगेच दिसते. आकडा थांबला की वाचा. कपॅसिटर काढा, परत लावा, असे पाच वेळा. पाच वाचनांतला फरक हा तुमच्या फिक्स्चरचा पसारा आहे. दोन मीटरांमधला फरक याच्याहून लहान असेल तर पुढे काही बोलण्यात अर्थ नाही.

५. पाचही फ्रिक्वेन्सींना कपॅसिटन्स आणि डी, दोन्ही लिहा. डी न लिहिलेली नोंद अर्धवट आहे.

६. क्रम असा ठेवा: मीटर अ, मीटर ब, पुन्हा मीटर अ. अचे दोन आकडे जुळले नाहीत तर मधल्या काळात तापमान किंवा झिरो सरकले आहे.

मॅन्युअलमधली टक्केवारी आणि काउंट

‘±(०.५ टक्के + ५)’ असे लिहिलेले असते. पहिला भाग वाचनाचा, दुसरा शेवटच्या अंकाचा. २००.०० नॅनोफॅरडच्या रेंजमध्ये १००.०० वाचले, तर चूक ०.५० अधिक ०.०५, म्हणजे ०.५५ नॅनोफॅरड. त्याच रेंजमध्ये २२.०० वाचले तर ०.११ अधिक ०.०५, म्हणजे ०.१६, जे वाचनाच्या ०.७३ टक्के झाले. रेंजच्या तळाशी मोजले की टक्केवारी बिघडते, म्हणून दोन्ही मीटर कोणत्या रेंजमध्ये होते हेही लिहायचे.

दोन अटी बारीक अक्षरांत असतात. हा आकडा बहुधा डी ०.१च्या आत असेल तरच लागू, त्यावर (१ + डीचा वर्ग)च्या वर्गमुळाने गुणायचे. दुसरी अट तापमानाची: २३ अंश, अधिक-उणे ५. त्याबाहेर अनेक मॅन्युअल दर अंशाला सांगितलेल्या अचूकतेचा एक दशांश वाढवायला सांगतात. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद असलेल्या खोलीत ४० अंश असतील, तर २८च्या वर १२ अंश झाले. ०.५ टक्क्याचे १.१ टक्के होतात, मीटर कितीही महागाचा असो.

आता निकाल. समजा १०० नॅनोफॅरडवर १ किलोहर्ट्झला अने १००.४२ दाखवले, त्याची मर्यादा ०.५५. बने ९९.८१, मर्यादा ०.३६. फरक ०.६१. दोन मर्यादांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा: ०.६६. फरक भागिले हा आकडा, ०.९३. १च्या आत आहे, म्हणजे दोन्ही मीटर आपापल्या मर्यादेत एकमेकांशी जुळतात. १च्या वर गेला तर बहुधा कुणीतरी एक मर्यादेबाहेर आहे. कोण, ते संदर्भाची खरी किंमत हातात असल्याशिवाय सांगता येत नाही. तिसरा हँडहेल्ड मीटर आणून बहुमत घेण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण तिला अर्थ नाही.

फरकाचा आकार बघून कारण ओळखणे

सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते. प्रत्येक वाचनाचा १ किलोहर्ट्झच्या वाचनाशी टक्केवारीतला फरक काढा आणि फ्रिक्वेन्सीप्रमाणे मांडा.

सगळ्या लहान कपॅसिटरना ठरावीक पिकोफॅरड जास्त, सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखेच: ओपन करेक्शन राहिले आहे.

मोठ्या कपॅसिटरला १०० किलोहर्ट्झवर आकडा फुगतो, १० किलोहर्ट्झवर जवळपास ठीक असतो: हा इंडक्टन्स. आकडा १ भागिले (१ वजा फ्रिक्वेन्सीचा वर्ग × ३९.५ × इंडक्टन्स × कपॅसिटन्स) पटीने वाढतो. लीडमध्ये ५० नॅनोहेन्री असतील, तर १०० किलोहर्ट्झवर १ मायक्रोफॅरड २ टक्के जास्त दिसतो आणि १० मायक्रोफॅरड जवळपास २५ टक्के. १०० मायक्रोफॅरडला तर रेझोनन्स ७१ किलोहर्ट्झलाच येतो, त्यामुळे १०० किलोहर्ट्झवर मीटर उणे कपॅसिटन्स दाखवतो किंवा सरळ कॉइल आहे म्हणतो. मीटर बिघडलेला नाही, तो खरेच सांगतो आहे. घरच्या पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यासाठी छान नमुना आहे. त्याच्या दोन वायरी फाकवून ठेवल्या की वाटेत २०० नॅनोहेन्री सहज जमतात आणि १०० किलोहर्ट्झवर तो ३.१ मायक्रोफॅरडचा होतो. वायरींना पीळ द्या, आकडा खाली येतो. फ्रिक्वेन्सी दहापट कमी केली की ही चूक शंभरपट कमी होते. हीच तिची खूण.

लहान कपॅसिटर फक्त १०० हर्ट्झवर नाचतो: इंपिडन्स मेगाओहममध्ये आहे आणि आसपासचा हम आत येतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तिचा दुसरा हार्मोनिक बरोबर १०० हर्ट्झवर बसतो. १२० हर्ट्झ लावून बघा. तिथे आकडा शांत झाला तर हम नक्की. ट्यूबलाइट आणि मोबाइल चार्जर बंद करा, गार्डचे टोक असेल तर जोडा.

लहान कपॅसिटरचा डी १०० हर्ट्झवर भलताच मोठा: फिक्स्चरवर ओलावा किंवा फ्लक्सची साय. पावसाळ्यात कोकणात हे रोजचे आहे. १०० मेगाओहमची गळती १०० पिकोफॅरडला १०० हर्ट्झवर ०.१६ इतका डी देते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने खाचा पुसा, वाळू द्या.

आकडा प्रत्येक दहापटीला थोडा थोडा घटत जातो, आणि डीही ठळक आहे: हा कपॅसिटरचाच स्वभाव. याला एक सुंदर ताळा आहे. डी फ्रिक्वेन्सीबरोबर फारसा बदलत नसेल, तर दर दहापटीला कपॅसिटन्स डीच्या साधारण दीडपट अंशाने घटते, नेमके सांगायचे तर १.४७ पट. डी ०.०२ असलेला एक्स७आर दर दहापटीला सुमारे ३ टक्के घटायलाच हवा, डी ०.००५चा मायलर पाऊण टक्का. सुरुवातीच्या ९८.७ आणि ९६.१चा हिशेब हाच. डी जवळपास शून्य असताना अशी घट दिसली, तर मात्र मीटरकडे संशयाने बघा.

एका ठरावीक जागी उडी, आधी आणि नंतर सपाट: रेंज बदलण्याची जागा आहे. वरची १२ अधिक १२ची बेरीज करा.

मोठे सिरॅमिक: व्होल्टेजचा सापळा

एक्स५आर, एक्स७आर कपॅसिटर बनवणारे १० मायक्रोफॅरडपर्यंतची किंमत १ किलोहर्ट्झ, १ व्होल्टला सांगतात. त्यावर १२० हर्ट्झ, ०.५ व्होल्ट. हँडहेल्ड मीटर मुळात ०.५ व्होल्टच्या आसपास देतो आणि तोही आतल्या रोधातून. आतला रोध १०० ओहम धरला तर १ किलोहर्ट्झला १५.९ ओहमच्या १० मायक्रोफॅरडवर उरतात जेमतेम ०.०८ व्होल्ट. एवढ्या कमी व्होल्टेजला हे डायइलेक्ट्रिक कमी कपॅसिटन्स देते, आणि ‘१०चा नग ८च भरतो, माल नकली’ अशी तक्रार होते. तोच नग १०० हर्ट्झवर घेतला तर त्यावर ०.४ व्होल्ट राहतात आणि आकडा वर येतो. दोन मीटरांचे आतले रोध वेगळे असतील तर या कपॅसिटरवर ते कधीच जुळणार नाहीत. प्रत्यक्ष व्होल्टेज किती आहे ते कपॅसिटरच्या पायांवर ट्रू आरएमएस मल्टिमीटर लावून १ किलोहर्ट्झपर्यंत बघता येते, त्यापुढे ऑसिलोस्कोप.

शिवाय हे सिरॅमिक वयानुसार घटतात आणि सोल्डर केल्यावर पुन्हा चढतात. १५० अंशांवर तासभर तापवून २४ तासांनी मोजले तरच दोन मोजण्यांची तुलना होते. मीटरच्या तुलनेत हे नग नकोतच.

डी आणि ईएसआर खरे आहेत का

कपॅसिटन्स बरोबर दाखवणारा मीटर डीमध्ये चुकू शकतो. फेजमध्ये एक दशांश अंशाची चूक झाली तरी डीमध्ये ०.००१७ जातात. म्हणून पॉलिप्रॉपिलिनचा डी ०.०००३ आहे की ०.००१ यावर हँडहेल्ड मीटर घेऊन वाद घालू नये. काही वेळा तो उणे डीही दाखवतो.

तपासायला १० नॅनोफॅरड सी०जी आणि १०० ओहम १ टक्का मेटल फिल्म रेझिस्टर सीरिजमध्ये आखूड सोल्डर करा. सीरिज मोडमध्ये डी १ किलोहर्ट्झला ०.००६३, १० किलोहर्ट्झला ०.०६३ आणि १०० किलोहर्ट्झला ०.६३ यायला हवा, आणि ईएसआर (कपॅसिटरच्या सीरिजमध्ये धरलेला रोध) सगळीकडे १०० ओहम. १ किलोहर्ट्झला ईएसआर ८० किंवा १३० दिसला तरी दचकू नका, १५.९ किलोओहमच्या पुढे १०० ओहम वेगळे काढणे फेजच्या त्या चुकीमुळे अवघड असते. १० किलोहर्ट्झला मात्र ९७ ते १०३मध्ये यावा. याच जोडीला १०० किलोहर्ट्झवर पॅरलल मोडमध्ये लावा: १० नॅनोफॅरडचा आकडा ७.२ होतो. मोड हाताने का निवडायचा, ते इथे दिसते.

इलेक्ट्रोलिटिक

यांची छापील किंमत १०० किंवा १२० हर्ट्झची आणि २० अंशांची असते. तुलना तिथेच, सीरिज मोडमध्ये करा. १ किलोहर्ट्झला १०० मायक्रोफॅरडमध्ये अर्धा ओहम ईएसआर असेल तर डी ०.३१ होतो आणि दोन मोडमधले आकडे १० टक्क्यांनी वेगळे पडतात. १०० किलोहर्ट्झवर कपॅसिटन्सचा रकाना वाचूच नका, फक्त ईएसआर वाचा. लो-ईएसआर कपॅसिटरच्या डेटाशीटमध्ये इंपिडन्स याच फ्रिक्वेन्सीला दिलेला असतो. तिथे काही मिलिओहमचा प्रश्न असतो, त्यामुळे मोजण्याआधी शॉर्ट पुन्हा करा आणि पाय घासून चकचकीत करा. वर्षानुवर्षे पडून असलेला नग आधी रेटेड व्होल्टेजला रेझिस्टरमधून काही तास चार्ज करून, मग नीट डिस्चार्ज करून मोजावा. मीटरांच्या अचूकतेचा निवाडा मात्र इलेक्ट्रोलिटिकवर करू नये. त्यांची किंमत तापमानानेच इतकी हलते की अर्ध्या टक्क्याचा मुद्दा त्यात बुडून जातो.

संदर्भाचा संच पायांना वाक न देता प्लॅस्टिकच्या डबीत, सिलिका जेलबरोबर ठेवा. प्रत्येक नगाच्या पाकिटावर कोणत्या मीटरवर, कोणत्या फ्रिक्वेन्सीला, किती अंशांना किती भरला ते तारखेसह लिहा. पुढच्या वर्षी सगळे नग एकाच दिशेने सारखेच सरकलेले दिसले तर मीटर सरकला आहे. एकच सरकला असेल तर तो नग बदला.